फ्लायर नको, बागेची खबर पाठवा

वाचकाचं पत्र: देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. पाच वर्षांपासून पेट्या थेट मुंबई-पुण्यातल्या घरी पाठवतो. सोबत आमसुलं, आगळ, फणसपोळी, काजूही असतात. भाच्याने सुचवलं म्हणून यंदा ईमेलवर वार्तापत्र सुरू केलं. यादीत १,९०० पत्ते होते. त्यातले १,१०० जुन्या ग्राहकांचे, ४०० प्रदर्शनातल्या वहीतले आणि ४०० एका ओळखीच्यांनी दिलेल्या ‘पुण्यातल्या चांगल्या सोसायट्यां’च्या यादीतले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घरच्याच जीमेलवरून सगळ्यांना बीसीसीत टाकून एक सुंदर फ्लायर पाठवला. जीमेलने एक दिवस खातं अडवून ठेवलं, २१० मेल परत आल्या आणि ऑर्डरी आल्या ६. व्हॉट्सअ‍ॅप असताना हा उद्योग करावा का? करायचा तर किती वेळा पाठवावं, आणि मराठीत की इंग्रजीत? एक एजन्सी महिना १५,००० रुपयांत सगळं करून देते म्हणते. द्यावं का? – एक बागायतदार, देवगड तालुका

ताई, ६ ऑर्डरींचा दोष फ्लायरच्या रंगसंगतीला देऊ नका. तुमची मेल बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे आलीच नसणार. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० पत्त्यांपर्यंतच मेल जाते. त्यापुढे गेलं की खातं अडतं, आणि तुमचं तेच झालं. शिवाय १,९०० पैकी २१० परत येणं म्हणजे ११ टक्के. व्यावसायिक मेलमध्ये हे प्रमाण २ टक्क्यांच्या आत असावं. ११ टक्के दिसले की समोरच्या मेल-यंत्रणेचा समज होतो की हा माणूस कुठून तरी उचललेल्या यादीवर मेल टाकतोय. मग ज्यांचे पत्ते बरोबर आहेत त्यांनाही मेल स्पॅमच्या फोल्डरात मिळते.

व्हॉट्सअ‍ॅपचं आधी संपवते. तिथल्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच निरोप पोचतो. पुण्यातल्या आजोबांनी तो ‘आंबेवाले’ म्हणून साठवला असेल, पण त्यांच्या सुनेने नसेल, आणि पैसे भरणारी सूनच असते. ‘गाडी निघाली, उद्या पेटी मिळेल’ हा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवरच जावा. फळ कधी येणार, भाव असा का, पेटी आल्यावर काय करायचं, हे सांगायला पत्र लागतं. ते माणूस दुपारी वाचतो, बाजूला ठेवतो आणि मार्च उजाडला की ‘हापूस’ शब्द टाकून शोधून काढतो. म्हणून दोन्ही ठेवा आणि कामं वाटून द्या.

आता यादी. सोसायट्यांचे ४०० पत्ते आजच काढून टाका. त्या लोकांनी तुम्हाला पत्ता दिलेला नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो की संमती मोकळेपणाने, नेमक्या कामासाठी आणि माहिती देऊन घेतलेली असावी, आणि ती परत घेणं हे देण्याइतकंच सोपं असावं. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब तुमच्याच विरुद्ध जातो. जीमेलचं सांगणं आहे की स्पॅम म्हणून तक्रार करणाऱ्यांचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत ठेवा, ०.३ पर्यंत कधी जाऊ देऊ नका. म्हणजे हजार जणांत तिघांनी ‘स्पॅम’चं बटण दाबलं की तुम्ही धोक्याच्या रेषेवर. न विचारता मेल मिळालेल्या ४०० जणांत असे तिघे मिळायला वेळ लागत नाही, आणि त्याचा फटका तुमच्या १,१०० खऱ्या ग्राहकांच्या मेलना बसतो.

प्रदर्शनातल्या वहीतल्या ४०० मध्ये निम्मं काम अक्षर लावण्याचं आहे. परत आलेल्या २१० मेलमधल्या बऱ्याच इथल्याच असतील. घाईत लिहिलेला इंग्रजी एकचा आकडा आणि एल हे अक्षर सारखंच दिसतं, टिंब राहून जातं, ‘जीमेल’च्या स्पेलिंगमधली दोन अक्षरं उलटी पडतात. उघड दिसणाऱ्या चुका दुरुस्त करा, बाकीचे पत्ते सोडून द्या. यांना एकदाच एक छोटी मेल पाठवा: ‘अमुक प्रदर्शनात आपण पत्ता दिला होता. महिन्याला एक आणि हंगामात दर दहा दिवसांनी एक पत्र चालेल का? चालत असेल तर इथे दाबा.’ ज्यांनी दाबलं तेवढेच ठेवायचे. चारशेतले साठ उरले तरी पुष्कळ. पुढच्या प्रदर्शनात वही ठेवू नका. टेबलावर क्यूआर कोडची पाटी लावा, म्हणजे माणूस स्वतःच्या फोनवर स्वतःचा पत्ता टाकेल. त्याला लगेच एक खात्रीची मेल जाऊ द्या आणि त्यातली लिंक दाबल्यावरच नाव यादीत चढू द्या. या एका पायरीने चुकीचे पत्ते दारातच अडतात.

जुन्या ग्राहकांच्या १,१०० मधून परत आलेले पत्ते वगळा आणि प्रत्येक नावापुढे तीनच खुणा करा: गाव (मुंबई, पुणे, इतर), शेवटची ऑर्डर कोणत्या वर्षी, आणि भाषा. यापेक्षा जास्त रकाने केलेत तर ऐन एप्रिलमध्ये ते कोणी भरणार नाही. ‘परदेश’ अशी एक खूण मात्र वेगळी ठेवा. पुण्यातल्या आईवडिलांसाठी अमेरिकेतून पैसे भरणारी मुलं तुमच्याकडेही असणार. त्यांना पत्र पाठवायचं तर तिथल्या २००३ च्या कायद्याप्रमाणे पत्राच्या तळाशी तुमचा खरा पोस्टाचा पत्ता हवा, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याचं नाव १० कामकाजी दिवसांत काढायला हवं. तुम्ही ते दोन दिवसांतच काढा, कारण मोठ्या पाठवणाऱ्यांकडून जीमेलची अपेक्षा तेवढीच आहे.

यानंतर थोडं रुक्ष काम आहे. एक दुपार जाईल, पण ते टाळलंत तर बाकी सगळं फुकट. बागेच्या नावाचं स्वतःचं डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ नंतर येणारं नाव, घ्या. वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. त्यावर एक खरी मेलपेटी उघडा, म्हणजे लोकांनी दिलेली उत्तरं तिथे येतील. मग वार्तापत्र पाठवणारी एखादी सेवा घ्या. मेलचिंप, ब्रेव्हो, मेलरलाइट, आपल्याकडची झोहो कॅम्पेन्स, यातली कोणतीही हजार-बाराशे नावांना पुरते. मोफत योजनांच्या अटी सारख्या बदलतात, त्यामुळे आजची मर्यादा नोंदणी करतानाच पाहा. सेवेच्या खात्यात ‘पाठवणारा’ म्हणून तुमचा जुना जीमेल पत्ता घालू नका. जीमेलच्या नावाने निघालेलं पत्र जीमेलच्या यंत्रणेतून न येता दुसरीकडूनच आलं, तर तपासणीत ते तोतया ठरतं.

डोमेन जिथून घेतलंत तिथल्या डीएनएस पानावर, म्हणजे डोमेनच्या नोंदी ठेवण्याच्या जागी, तीन नोंदी कराव्या लागतात. एसपीएफ ही नोंद सांगते की आमच्या नावाने कोणकोणत्या यंत्रणा मेल पाठवू शकतात. डीकिम म्हणजे पत्रावरचं लाखेचं सील: मजकूर वाटेत बदललेला नाही आणि तो आमच्याकडूनच आला, याची खूण. सील जुळलं नाही तर काय करायचं याची सूचना डीमार्कमध्ये असते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्या, त्यात जीमेलच्या लेखी मोठा म्हणजे दिवसाला सुमारे ५,००० मेल पाठवणारा. तुम्ही त्यात बसत नाही, तरीही तिन्ही करा. नवं डोमेन आणि कागद अर्धवट, अशा पाहुण्याला कोणी घरात घेत नाही.

इथे चुका ठरलेल्या होतात. मेलपेटीवाल्याने एक एसपीएफ नोंद दिलेली असते, वार्तापत्राची सेवा दुसरी देते, आणि माणूस दोन्ही चिकटवतो. एका डोमेनवर एसपीएफची नोंद एकच चालते. दोन झाल्या की दोन्ही निकामी होतात. एकाच ओळीत दोघांची नावं एकामागून एक घाला. दुसरी चूक डीकिमची: सेवेने दिलेलं नाव पूर्ण चिकटवलं की काही डोमेन-विक्रेत्यांची पानं त्याच्यापुढे तुमचं डोमेन आपोआप पुन्हा जोडतात. नाव दुप्पट होतं आणि नोंद सापडतच नाही. डोमेनच्या आधीचा भाग तेवढाच टाका. डीमार्क सुरुवातीला ‘नुसतं कळवा, अडवू नका’ या धोरणावर ठेवा. नोंदी लागू व्हायला काही तास, कधी एखादा दिवस लागतो. मग स्वतःच्या जीमेलवर एक चाचणीपत्र पाठवा, उजवीकडच्या तीन टिंबांतून मूळ संदेश उघडा आणि वरच्या चौकटीत तिन्हींपुढे ‘पास’ लिहिलंय का ते बघा. एकापुढे जरी ‘फेल’ असेल तरी थांबा, यादीला हात लावू नका.

नव्या डोमेनवरून पहिल्याच दिवशी हजार मेल सोडू नका. यंदा पेटी घेतलेल्यांपैकी शंभर जणांपासून सुरुवात करा. हे लोक पत्र उघडतात, काहीजण उत्तरही देतात, आणि त्यावरून यंत्रणा तुम्हाला ओळखू लागते. तीन-चार दिवसांनी अडीचशे, पुढच्या आठवड्यात पाचशे, मग बाकीचे. शेवटची ऑर्डर तीन वर्षांपूर्वीची आहे ते सगळ्यात शेवटी. हे सगळं डिसेंबरच्या आत उरकायला हवं. मार्चमध्ये नवं डोमेन घेऊन धावपळ करणाऱ्याचा हंगाम यंत्रणेची मनधरणी करण्यातच जातो.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या फ्लायरवर आंब्याचा फोटो, ‘अस्सल देवगड हापूस’, भाव आणि फोन नंबर होता असं धरून चालते, कारण सगळ्यांच्याच फ्लायरवर तेवढंच असतं. शेजारच्या बागायतदाराचा, वाशीच्या व्यापाऱ्याचा आणि कर्नाटकी फळ देवगडच्या नावाने खपवणाऱ्याचा फ्लायरही तसाच. ग्राहकाला फरक कळायला जागाच नाही. तुमच्याजवळ एक गोष्ट आहे जी त्या तिसऱ्याजवळ नाही: बागेत या आठवड्यात काय घडलं ते तुम्हाला माहीत आहे. वार्तापत्रात आधी ती खबर येते, भाव तिच्या मागून. खबर वाचलेल्या माणसाला भाव का चढला ते वेगळं समजावावं लागत नाही.

मार्चच्या पत्राचा एक नमुना देते. तपशील तुमच्या बागेचे घाला.

विषय: पहिला तोडा १८ मार्चला, पेट्या ६०

विषयापुढे दिसणारी ओळ: एप्रिलमध्ये माल थोडा, मेमध्ये बरा. कारण आत लिहिलंय.

‘नमस्कार. नोव्हेंबरअखेरच्या मोहोराची फळं आता चौदा आणे तयार झाली आहेत. डिसेंबरातला मोहोर तुडतुड्यांनी बराच नेला, त्यामुळे एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात माल थोडाच असेल. जानेवारीच्या थंडीतला मोहोर चांगला टिकलाय, त्याचं फळ मेच्या सुरुवातीला उतरेल. १८ मार्चला पहिला तोडा करतोय. दोन डझनी ६० पेट्या, फळ २०० ते २५० ग्रॅमचं. पेटी कच्ची येईल, घरी पेंढ्यात आठ-दहा दिवस ठेवावी लागेल. पहिल्या तोड्याला भाव जास्त असतो. घाई नसेल तर थांबा, मेच्या पेट्यांचं पत्र २० एप्रिलला येईल. काही विचारायचं असेल तर याच मेलला उत्तर द्या.’ खाली भाव एका ओळीत, आणि एकच बटण: ‘पहिल्या तोड्याची पेटी हवी’.

‘घाई नसेल तर थांबा’ ही ओळ वाचून घरातलं कोणीतरी कपाळाला हात लावेल. ती काढू नका. ग्राहक मेच्या पत्राची वाट पाहतो ती त्या ओळीमुळे. आकडेही पाहा: तारीख, पेट्या, वजन, दिवस. ‘लवकरच’, ‘मर्यादित साठा’, ‘उत्कृष्ट दर्जा’ हे शब्द कोणीही लिहू शकतं, ‘६० पेट्या’ हे मोजल्याशिवाय लिहिता येत नाही. एका पत्रात एकच मागणं ठेवा. आंब्याच्याच पत्रात आगळ, काजू आणि फणसपोळी कोंबलीत तर वाचणारा ‘नंतर बघू’ म्हणून बंद करतो.

बटण थेट तुमचं व्हॉट्सअ‍ॅप उघडेल अशी लिंक बनवा, आत ‘तोडा १, पेट्या __, गाव __’ असा मजकूर आधीच भरलेला असू द्या. तुमच्या ग्राहकांना ऑर्डर तिथेच द्यायची सवय आहे, ती मोडू नका. कुठलीतरी लिंक-छोटी-करणारी सेवा वापरू नका. तोच छोटा पत्ता फसवे लोकही वापरतात आणि त्यांच्या पापाची झळ तुम्हाला लागते. भावपत्रकाची पीडीएफही जोडू नका. भाव पत्रातच लिहा.

६० पेट्या आणि हजार वाचक, तर पत्र सगळ्यांना एकदम धाडू नका. सलग दोन-तीन वर्षं घेणाऱ्यांना आदल्या संध्याकाळी पाठवा, उरलेल्यांना दुसऱ्या दिवशी, आणि दुसऱ्या पत्रात किती पेट्या उरल्या तो खरा आकडा घाला. ४० संपल्या असतील तर ‘२० उरल्या’. सगळ्याच गेल्या असतील तर तसं सांगून पुढच्या तोड्याची तारीख द्या.

विषयाची ओळ तीसेक अक्षरांत संपवा, फोनवर त्यापुढचं कापलं जातं. महत्त्वाचा शब्द सुरुवातीला यावा. ‘आमच्या सर्व सन्माननीय ग्राहकांसाठी आनंदाची बातमी’ यातली बातमी फोनवर दिसतच नाही. पाठवणाऱ्याच्या नावात माणसाचं आणि बागेचं नाव ठेवा आणि वर्षभर ते बदलू नका. ‘उत्तर देऊ नये’ छापाचा पत्ता कधीच नको. तुम्हाला उत्तरं हवी आहेत.

विषय सुचत नाहीत ही तक्रार तीन पत्रांनंतर येईल. त्यावर उपाय फोनजवळ ठेवलेली वही. हंगामात ग्राहक जे जे विचारतात ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, एकेका प्रश्नाचं एकेक पत्र होतं. ‘वरून छान आणि आत पांढरा भाग का?’ यावर साक्याचं पत्र. साका बाहेरून ओळखता येत नाही. तापलेल्या जमिनीची धग, उशिरा काढलेलं फळ आणि तोडल्यावर उन्हात पडून राहणं, यांनी तो वाढतो. म्हणून तुम्ही चौदा आण्यांवर, सकाळी तोडता आणि फळ सावलीत ठेवता, हे त्यात येऊ द्या. आणि पेटीत साक्याची फळं निघाली तर तुम्ही काय करता, भरपाई किती दिवसांत आणि कशी, तेही स्पष्ट. हे पत्र मार्चआधी गेलं तर मेमधली निम्मी वादावादी वाचते. ‘कार्बाइडचा नाही ना?’ यावर दुसरं: कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला आपल्याकडे बंदी आहे, इथिलीन वायूला ठरावीक मर्यादेत परवानगी आहे, आणि तुमचं फळ कशाने पिकतं. ‘देवगडचाच कशावरून?’ यावर तिसरं: २०१८ मध्ये मिळालेलं हापूसचं भौगोलिक मानांकन, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे येतात, आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंद असेल तर तो क्रमांक. नोंद नसेल तर पत्राआधी ती करून घ्या. नूतन झेल्याने, म्हणजे आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीने, देठासकट फळ कसं काढतात याचा वीस सेकंदांचा व्हिडिओ कोणत्याही फ्लायरपेक्षा जास्त पाहिला जाईल. व्हिडिओ मेलमध्ये घालू नका, त्यातलं एक चित्र घालून त्यावर लिंक द्या.

किती वेळा, तर झाडाच्या चालीने. जून ते फेब्रुवारी महिन्याला एक, मार्च ते मे दर दहा दिवसांनी एक, मिळून वर्षाला अठराएक पत्रं. पावसाळ्यातली पत्रं लहान असली तरी ती वगळू नका. झाडांना खत घालणं, नवी कलमं, गणपतीच्या आधी आमसुलं-आगळ, दिवाळीच्या आधी काजू, मग मोहोराची पहिली खबर. फक्त एप्रिलमध्ये तोंड दाखवणाऱ्याला लोक फेरीवाल्यासारखं वागवतात, आणि नऊ महिने गप्प राहिलेल्या पत्त्यावरून अचानक आलेली मेल यंत्रणेलाही संशयास्पद वाटते.

मराठी मेलचे काही खास घोटाळे आहेत. इंग्रजीतल्या मार्गदर्शनात ते सापडत नाहीत, म्हणून इथे सांगते. फ्लायर करणाऱ्याने मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असेल, तर मेलमध्ये चिकटवल्यावर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. मग तो सगळ्याचंच चित्र करून पाठवतो, आणि तुमच्याकडे बहुधा हेच घडलं. ज्याच्याकडे चित्रं आपोआप उघडत नाहीत त्याला कोरी चौकट दिसते. जीमेलच्या शोधात त्या पत्रातलं ‘हापूस’ सापडत नाही. डोळ्यांनी अधू माणसाचा फोन ते वाचून दाखवू शकत नाही. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा आणि खास फाँट निवडत बसू नका. अँड्रॉइड, आयफोन आणि विंडोज तिन्हींत आपापला देवनागरी फाँट असतो, तोच दिसू द्या. आकार १७-१८, ओळींतलं अंतर दीडपट ते १.६, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची जी सोय असते तिला हात लावू नका, शिरोरेखा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. तिरपी अक्षरंही टाळा.

दुसरा घोटाळा वजनाचा. मेलचा मजकूर आणि मांडणीची खूणभाषा मिळून १०२ केबीच्या पुढे गेली की जीमेल पत्र मध्येच कापतं आणि ‘पूर्ण संदेश पाहा’ असं दाखवतं. कापला जातो तो तळ, म्हणजे नेमका तुमचा पत्ता आणि ‘यादीतून काढा’ची लिंक. लिंक दिसली नाही की माणूस स्पॅमचं बटण दाबतो. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा ३ बाइट घेते: ‘देवगड’चे १५ बाइट होतात, तेच रोमनमध्ये ६. तरी पाचशे शब्दांचं मराठी पत्र दहाएक केबीच्या वर जात नाही. खरा भार असतो वर्डमधून चिकटवताना सोबत आलेल्या अदृश्य सजावटीचा. मजकूर आधी साध्या नोटपॅडमध्ये टाका, तिथून सेवेच्या चौकटीत. फोटोंचं वजन या १०२ केबीत धरत नाहीत, पण गावाकडच्या नेटवर्कचा विचार करून एकच फोटो ठेवा, १,२०० पिक्सेल रुंद आणि २०० केबीच्या आत. फोटोला वर्णनाची ओळ द्या. पारदर्शक पार्श्वभूमीवरचा काळ्या अक्षरांचा लोगो फोनच्या गडद पडद्यावर गायब होतो, त्याच्यामागे पांढरा पट्टा ठेवा.

मराठी की इंग्रजी, हे ग्राहकालाच विचारा. नोंदणीच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न पुरे. दोन्ही भाषा एकाच पत्रात वर-खाली घालू नका, पत्र दुप्पट होतं आणि दोघांनाही अर्धं परकं वाटतं. इंग्रजीवाले दीडशेपेक्षा कमी निघाले तर त्यांना हंगामातलीच पत्रं इंग्रजीत करा, बाकीची सोडा.

निकाल कशावर मोजायचा? ‘इतक्यांनी उघडलं’ या आकड्यावर नको. सप्टेंबर २०२१ पासून अ‍ॅपलचं मेल-अ‍ॅप पत्रातली चित्रं स्वतःच आधी उतरवून घेऊ शकतं, त्यामुळे न उघडलेलं पत्रही उघडलेलं दिसतं. तीन आकडे लिहा: बटण किती जणांनी दाबलं, उत्तरं किती, पेट्या किती. समजा हजार पत्रांमागे साठ जणांनी बटण दाबलं आणि अठरा पेट्या गेल्या, तर पुढच्या वेळी त्याच्याशीच तुलना. बटण साठांनी दाबलं आणि पेट्या तीनच गेल्या, तर पत्र ठीक आहे, अडचण भावात किंवा ऑर्डर घेण्यात आहे. बटणच दहांनी दाबलं, तर मागणं स्पष्ट नव्हतं किंवा पत्र चुकीच्या लोकांना गेलं. दोन विषयओळी अर्ध्या-अर्ध्या यादीवर तपासायचा सल्ला एजन्सी देईल. तुमच्या यादीवर तो खेळ फसवा आहे. पाचशे-पाचशेच्या दोन गटांत एकीकडे २१ आणि दुसरीकडे २६ जणांनी बटण दाबलं, तर तो फरक निव्वळ योगायोगानेही पडतो.

वर्षभर एकही पत्र न उघडणाऱ्यांना, बटण न दाबणाऱ्यांना आणि पेटीही न घेणाऱ्यांना फेब्रुवारीत एकदा विचारा, ‘पत्र सुरू ठेवू का?’ उत्तर नाही आलं तर नाव काढा. यादी लहान झाली म्हणून वाईट वाटून घेऊ नका, मुकी नावं बाकीच्यांच्या पत्रांना खाली ओढतात. आणि ज्याने ‘यादीतून काढा’ दाबलं त्याला ‘का हो?’ म्हणून फोन करू नका. तो पेटी घेत राहील, त्याला फक्त पत्र नकोय.

राहिली एजन्सी. महिना १५,००० म्हणजे वर्षाला १,८०,०००. पेटीमागे तुमच्या हातात खरं काय उरतं त्या आकड्याने याला भागा. जितक्या पेट्या येतील तितक्या जास्तीच्या विकाव्या लागतील, तेही केवळ एजन्सीची फी भागवायला. डोमेनच्या तीन नोंदी आणि पत्राचा साचा करून द्यायला एखाद्या जाणत्या मुलाला एकदाच पैसे द्या. भाच्याला जमत असेल तर तोच. डोमेन, वार्तापत्राची सेवा आणि यादी मात्र तुमच्या नावावर आणि तुमच्या पासवर्डखाली ठेवा. एजन्सीच्या खात्यात अडकलेली यादी परत मिळवताना ग्राहक नव्याने जमवण्याइतके कष्ट पडतात. मजकूर तुम्हालाच लिहावा लागणार, कारण डिसेंबरातला मोहोर कुणी खाल्ला ते पुण्यातल्या एजन्सीला ठाऊक नसतं. घरातलं जो कोणी रोज बागेत फिरतो त्याने दर रविवारी चार ओळी फोनवर बोलून ठेवाव्यात, आणि तुम्ही त्या टाइप कराव्यात. या रविवारी खत घालून झालं असेल तर किती झाडांना, कोणतं, आणि पाऊस किती झाला एवढंच बोलायला सांगा. शंभर जणांना जाणाऱ्या पहिल्या पत्राला तेवढं पुरतं.